कैलाखालची माती

मुळगुंद सर पालथे पडले होते आणि जमिनीला नाक लावून बोलत होते.

"नंदिनी, हा बनफशा वेगळा दिसतोय. पानाला लव आहे. आणि तू जरा सरक, तुझ्या टाचेखाली ऑर्किड आहे."

मी टाच उचलली. खरंच एक बोटभर उंचीचं ऑर्किड चिमटून गेलं होतं. सरांनी ते दोन बोटांनी सरळ केलं, एखाद्या मुलाचा भांग नीट करावा तसं, आणि पुन्हा आमच्या लाकडी चौकटीत डोकं घातलं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट. तेवढ्या जागेत तीसहून अधिक जातींची रोपं आम्ही मोजली होती. रानस्ट्रॉबेरी, निळ्या फुलांचा बनफशा, नेचे, जांभळी जिरॅनियम, दोन प्रकारची ऑर्किडं, आणि सरांनाही नाव न सापडलेली काही.

हे नवलाचं का, ते सांगायला हवं. पाइनच्या जंगलात खाली सहसा काही उगवत नाही. वर्षानुवर्षं सुया पडतात, त्यांचा जाड थर साचतो, माती आंबट होते. चालताना पाय घसरतो आणि सगळीकडे नुसता तपकिरी रंग. आजूबाजूच्या डोंगरांवर तसंच होतं. छेंदर गावाच्या वरचं हे एकच वन वेगळं होतं. झाडं तीच, निळसर सुयांची, ज्यांना तिकडे कैल म्हणतात. पण त्यांच्याखाली हिरवागार, ओलसर, फुलांनी भरलेला गालिचा.

सर आमच्या मिरजेकडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. एका वर्षी मुलांची सहल घेऊन हिमाचलात आले, वाट चुकून या वनात शिरले, आणि मग दर सुट्टीत येत राहिले. "ह्यांची दुसरी बायको तिकडे असते," असं कमलताई, म्हणजे सरांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. इथेच का? मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, आणि खड्डे खणून माती तपासण्याचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही धनीरामांच्या घरी उतरायचो. छेंदर म्हणजे वनाच्या पायथ्याशी दहाबारा घरं, त्यांच्या खाली मक्याची आणि राजम्याची शेतं, मग ओढा. ओढ्यावर लाकडी पूल. पलीकडे एक सपाट माळ, त्यावर चारदोन कैलं आणि मुलांची शाळा. धनीरामांचं घर गावाच्या अगदी टोकाला, एका खडकावर बांधलेलं. ते गावचे प्रधान. मोजकं बोलणारे, पन्नाशी उलटलेले. त्यांचा एकुलता मुलगा बलदेव फौजेत होता. घरात सून होती, सत्या.

सत्या माझ्याच वयाची. सरांच्या हिंदीची तिला फार मजा वाटायची. सर सवयीने 'पाणी' म्हणायचे, आणि ती कळशी हातात धरून, "पानी म्हणा मास्टरजी, तेव्हाच मिळेल," असं सांगायची. सर मुकाट्याने म्हणायचे. आमची सगळी बोलणी अशीच मोडक्या हिंदीत व्हायची. मी ती इथे आपल्या भाषेत सांगते आहे.

त्या ऑगस्टमध्ये मी वनाच्या मध्यावर एक खोल खड्डा खणला. वर काळी भुसभुशीत माती लागेल, खाली तांबूस, मग दगड, अशी माझी अपेक्षा होती. तसं काहीच नव्हतं. वर काळी माती, मग करडी खडी, आणि खडीच्या खाली पुन्हा सुयांचा कुजलेला थर. त्याखाली परत खडी. तळाशी निळसर चिकणमाती आणि तिच्यावरून झिरपणारं पाणी.

"सर, खडीखाली जंगल आहे," मी म्हणाले.

सर खड्ड्यात उतरले. तो कुजका थर त्यांनी बोटांनी उकरला, हुंगला. मग वर आले आणि एका झाडाच्या बुंध्याकडे पाहत उभे राहिले. तिथली सगळी झाडं बुंध्यापाशी कोयत्यासारखी वाकलेली होती आणि मग सरळ वर गेलेली. आम्ही त्यांचे कितीतरी फोटो काढले होते.

"बर्फाने वाकतात ना?" मी विचारलं.

"मीही वर्गात तेच सांगत आलो," सर म्हणाले. "चल, आपली सुतळी बघू."

आदल्या शरद ऋतूत आम्ही वनातून आडवी, एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत सुतळी ताणली होती. मोजणीच्या चौकटी एका रेषेत याव्यात म्हणून. हातभर खोल ठोकलेल्या खुंट्यांना ती बांधली होती. दोन्ही टोकं जागच्या जागी होती. मधल्या खुंट्या मात्र खाली गेल्या होत्या. उपटलेल्या नव्हत्या, वाकलेल्याही नव्हत्या. जमिनीत घट्ट रुतलेल्या, आणि जमिनीसकट खाली गेलेल्या. सुतळी एका जागी तुटून लोंबत होती.

सर तिथेच बसले. "बघ, किती सोपं होतं," ते म्हणाले. "ही जमीन थांबतच नाही. सारखी हलते, म्हणून खालची चुनखडी वर येते आणि मातीचा आंबटपणा मोडते. पाणी झिरपतं. सुया साचायला वेळच मिळत नाही. झाडं कलतात, ऊन आत येतं. म्हणून इथे सगळं उगवतं." एवढ्या वर्षांचं उत्तर मिळालं होतं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खाली छेंदरच्या छपरांतून धूर येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वनाच्या वर, गवताळ उतारावर गेलो. तिथे एक भेग होती. उताराला आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मेंढपाळांनी ती ओलांडायला फळ्या टाकल्या होत्या. एक फळी आत पडली होती, कारण आता ती पुरत नव्हती.

संध्याकाळी धनीरामांच्या अंगणात गावातले लोक जमले. सरांनी सगळं सांगितलं. धनीरामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भेग माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे," ते म्हणाले.

"आता ती वाढली आहे."

"ते देवाचं वन आहे, मास्टरजी. आम्ही तिथली फांदी तोडत नाही. आणि गेल्या वर्षी तुम्हीच शाळेत मुलांना सांगितलंत की झाडं माती धरून ठेवतात. सांगितलंत ना?"

"सांगितलं," सर म्हणाले. "पण झाडाची मुळं जातात इतकी." त्यांनी छातीपर्यंत हात नेला. "जी माती सरकते आहे, ती त्याच्या खूप खाली आहे. झाडं तिच्यावर बसून चालली आहेत."

मागे उभी असलेली सत्या म्हणाली, "यंदा झऱ्याची जागा बदलली आहे. मी रोज पाणी भरते. आधी तो वरच्या दगडापाशी होता."

"तू आत जा," धनीराम म्हणाले.

तरीही पाऊस जोर धरू लागला तेव्हा गाव हललं. पुलावरून पलीकडे, शाळेच्या माळावर. जागा सरांनीच दाखवली. सपाट, ओढ्यापासून उंचावर, मधे पाण्याचं रुंद पात्र. पोरंबाळं, गाई, गाद्या, धान्याची पोती. धनीराम तेवढे आपल्या घरी राहिले. "माझं घर खडकावर आहे," ते म्हणाले. सत्याला त्यांनी ठेवून घेतलं.

पाऊस पडत राहिला, मग थांबला. ऊन पडलं. काही झालं नाही. राजम्याच्या शेंगा वाळायला आल्या होत्या, माकडं शेतात उतरत होती. माळावर लोक ओल्या पोत्यांवर बसून गावाकडे बघत. सर तालुक्याला जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना चहा पाजला आणि भूगर्भवाल्यांचं पथक पावसाळ्यानंतर येईल असं सांगितलं.

"कधी पडेल ते सांगा," लोक सरांना विचारायचे.

"पडेल हे सांगू शकतो. कधी, ते मला कळत नाही."

हळूहळू एकेक कुटुंब परत गेलं. कुणी रागावलं नाही. एका म्हातारीने तर जाताना सरांना आक्रोड दिले. मला वाटतं, तेच त्यांना जास्त लागलं.

तेव्हा त्यांनी दुसरी तोड काढली. रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ते वनाच्या कडेला, पक्क्या खडकावर बसणार. तिथून झरा दिसतो, खुंट्या दिसतात. पाणी गढूळ झालं किंवा आटलं की ते काशाची थाळी वाजवणार. थाळी वाजली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी पूल ओलांडायचा. यात कुणाचं काही जात नव्हतं, म्हणून लोक कबूल झाले. थाळी सत्याने आपल्या घरातली दिली.

"आम्ही कुठे जाणार नाही," धनीराम म्हणाले. "आमच्या घराखाली खडक आहे."

"खडक कुठवर आहे, तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही," सर म्हणाले. "तुम्ही राहा. पण सुनेला तरी जाऊ द्या, धनीरामजी. तिला का अडवता?"

धनीराम सरांकडे पाहत होते. सत्या चुलीपाशी होती, मी तिच्या शेजारी. तिचे हात थांबले होते.

"ती माझी नाही, बलदेवची अमानत आहे," धनीराम शेवटी म्हणाले. "तुमच्या शब्दावर पाठवीन."

"माझ्या शब्दावर," सर म्हणाले.

मग पुन्हा पाऊस लागला. सरांनी मला परत तालुक्याला धाडलं, या वेळी खुंट्यांची मापं आणि भेगेचे फोटो घेऊन. अधिकारी गावाला गेले होते. मी मुक्काम केला, वाट पाहिली, आणि कुणीच भेटेना तेव्हा सकाळच्या बसने निघाले. बस सोडल्यावर पायवाट एका वळणावर येते आणि समोर अख्खं छेंदर दिसतं. पाऊस थांबला होता. आभाळ स्वच्छ होतं. मी त्या वळणावर पोचले आणि थाळीचा आवाज ऐकला.

दुरून तो अगदी बारीक येत होता. लोक शेतांतून पळत होते. कुणी मूल काखेत मारलेलं, कुणी म्हाताऱ्याला हाताला धरलेलं. काही घरांतून कुणी बाहेर आलंच नाही, तेही मला दिसत होतं. पण बहुतेक सगळे पुलाकडे निघाले होते. निळी ओढणी घेतलेली सत्या मी ओळखली. ती पुलाच्या अलीकडे थांबून मुलांना पुढे काढत होती. मग तीही पलीकडे गेली. सगळं सरांनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं, आणि मला हायसं वाटलं, हे मला नीट आठवतं.

मग वन चालायला लागलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. झाडं पडली नाहीत. उभीच्या उभी, ओळीने, खाली येऊ लागली. आधी अगदी सावकाश. आवाज नंतर आला. मग मधली झाडं एकमेकांवर कोसळली, खालून करडा चिखल उसळला आणि छपरं दिसेनाशी झाली. ते ओढ्यात उतरलं. तिथे थांबेल असं मला वाटलं. ते थांबलं नाही. ओढा ओलांडून समोरच्या काठावर चढलं, माळाच्या खालच्या अर्ध्या भागावर पसरलं आणि शाळेच्या भिंतीला टेकून उभं राहिलं.

थाळी अजून वाजत होती. सरांना वरून दिसत होतं. ते का वाजवत राहिले, मला माहीत नाही.

जे माळाच्या वरच्या बाजूला, शाळेच्या मागे पोचले होते, ते वाचले. ते बरेच होते. जे मागून आले होते, ते गेले. सत्या त्यांत होती. गावात जे घरांतून निघाले नव्हते, तेही गेले. धनीरामांचं घर जसंच्या तसं होतं. खडक पक्का होता. चिखल त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला होता आणि अंगणात वाळत घातलेले कपडे तसेच दोरीवर होते.

पुढचे काही दिवस आम्ही सगळे खणत होतो. आधी आसपासच्या गावांतले लोक आले, मग फौज आली. सत्या सापडली तेव्हा धनीरामांनी तिच्या तोंडावरचा चिखल स्वतः पुसला. सर जवळ उभे होते. धनीरामांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

त्या दुपारी सर मला माळावर कुठे दिसेनात. शोधत गेले तेव्हा ते वरच्या अंगाला, चिखल पोचला नव्हता तिथे, एका कैलाखाली गुडघे टेकून बसले होते. हाताने खणत होते. आजूबाजूला स्ट्रॉबेरीची पानं उपटून पडली होती.

"ये," ते म्हणाले. "बघ."

खड्डा फार खोल नव्हता. काळी माती, करडी खडी, आणि खडीखाली कुजलेल्या सुया.

"ही जमीन पूर्वीही सरकत इथवर आली होती," सर म्हणाले. "हा माळ तिनेच केला. वरची रोपं तीच आहेत, नंदिनी. बनफशा, नेचे, सगळी तीच. मी या माळावर बसून जेवलो आहे. ओढ्याच्या त्या बाजूला एवढी वर्षं मोजत राहिलो, आणि या बाजूला एकदाही चौकट टाकली नाही."

मी त्यांच्या हातांतली माती झटकू लागले, तर त्यांनी हात मागे घेतले. नखं रक्ताळली होती.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कमलताईंनाही नाही. आता त्या नाहीत, सर नाहीत, धनीरामही जाऊन बरीच वर्षं झाली.

तालुक्याचे अधिकारी पंचनाम्याला आले. शाळेच्या उरलेल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि लोकांना विचारू लागले. इशारा कुणी दिला होता, लोक कसे पळाले. सर उठून उभे राहिले.

"जागा मी ठरवली होती," ते म्हणाले. "माळ सुरक्षित आहे असं मी सांगितलं. प्रधानांच्या सुनेला तर मीच..."

"ती आपणहून गेली," धनीराम म्हणाले. ते खांबाला टेकून बसले होते. "साहेब, मास्टरजींनी थाळी वाजवली, म्हणून एवढे जीव वाचले. सून घाबरून पळाली. घरात थांब म्हणून मी सांगत होतो."

सर काही बोलणार, तोवर अधिकाऱ्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

सर धनीरामांच्या मागोमाग त्यांच्या घरापर्यंत गेले. मीही गेले.

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," सर म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही." धनीराम वळले. आवाज चढलेला नव्हता. "उद्या बलदेव येतोय. बायको गेली, हे तो सोसेल. फौजी आहे. पण बापाने परक्या माणसाच्या शब्दावर तिला घराबाहेर काढलं, हे नाही सोसणार. मग तो या घरात पाऊल टाकणार नाही. मला दुसरं कुणी नाही."

"चूक माझी आहे, धनीरामजी. मला ती त्याच्यापुढे कबूल करू द्या. तो मला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"कबूल करून तुम्ही मोकळे व्हाल. मग बसमध्ये बसून आपल्या देशाला जाल. मला इथे राहायचंय." ते उंबऱ्यात थांबले. "तुम्ही त्याला काही सांगायचं नाही. एवढं तुम्ही मला देणं लागता."

सरांनी मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही.

बलदेव दुसऱ्या दिवशी सकाळी आला. उंच, कोवळ्या चेहऱ्याचा, पाठीवर फौजेची पिशवी. आमचं सामान बांधून झालं होतं. तो आधी ओढ्याकाठी, खालच्या अंगाला, जिथे तिला अग्नी दिला होता तिथे जाऊन आला. मग अंगणात येऊन सरांच्या पायांना हात लावला. सर अंग चोरून मागे सरले.

"बाबा म्हणाले, तुमच्यामुळे गाव वाचलं," तो म्हणाला. मग घराकडे, घराखालच्या खडकाकडे पाहत राहिला. "मास्टरजी, ती पलीकडे का गेली असेल? आमच्या घराला काही होत नाही, हे तिला माहीत होतं. बाबांनी थांबही म्हटलं होतं. तुम्ही वरून बघत होतात. ती का गेली?"

धनीराम दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. धनीरामांचा चेहरा हलला नाही.

"मला माहीत नाही, बाळा," सर म्हणाले.

बलदेवने पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसला.

"ती पहिल्यापासून अशीच होती," तो म्हणाला. "कधी कुणाचं ऐकायची नाही."

सरांचे ओठ हलले. मला वाटलं, आता ते बोलणार. मी जवळच उभी होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

धनीराम पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी तांब्या मुलाच्या हातात दिला, सरांची बॅग उचलली आणि वाटेला लागले.

"चला, मास्टरजी," मागे न पाहता ते म्हणाले. "तुमची बस चुकेल."